किबेरात दहा दिवस

ऑगस्टमध्ये दुबईत दुपारी घराबाहेर पडवत नाही. पाच तासांनी नैरोबीत उतरलो, तर अंगावर शाल घ्यावी लागली. आमच्या दुबईतल्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीतले आम्ही सात जण होतो. केनियातल्या शाळांना ऑगस्टमध्ये सुट्टी असते. त्या सुट्टीत किबेरा या नैरोबीतल्या झोपडवस्तीत एका लहानशा शाळेत मुलांसाठी बायबल शाळा घ्यायची, असं तिथल्या चर्चच्या पाळकांशी बोलून ठरलं होतं. परत आल्यापासून नगरहून फोन येताहेत, "काय केलंस गं तिथे?" फोनवर सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

आधी कामाच्या गोष्टी, कारण पुढे कोणी जाणार असेल तर उपयोगी पडतील. केनियाला २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन परवाना काढावा लागतो, त्याला ई-टीए म्हणतात. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि तिच्या दाखल्याचं पिवळं कार्ड जपून ठेवा. केनियाहून भारतात जाताना ते मागतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७ पासून बंदी आहे, म्हणून आम्ही रंगखडू, कात्र्या, कागद सगळं कापडी पिशव्यांत भरलं. आणि मुलांबरोबर काम करणार म्हणून प्रत्येकाचा पोलिसांचा दाखला पाळकांनी आधीच मागून घेतला होता. आमच्यातल्या एका काकांना ते जरा लागलं. मला मात्र तेव्हाच वाटलं, या माणसाला त्याच्या लेकरांची काळजी आहे.

किबेरा शहराच्या मध्यापासून पाच-सहा किलोमीटरवर. गंजलेल्या पत्र्यांची छपरं नजर पोचेल तिथपर्यंत, आणि मधून रेल्वेचा रूळ. ही रेल्वे बांधायला इंग्रजांनी आपल्याकडून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले होते, बहुतेक पंजाबचे. त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मरण पावले. १८९९ मध्ये रूळ नैरोबीला पोचला. मी रोज सकाळी तो रूळ ओलांडून शाळेत जायचे आणि रोज त्या माणसांची आठवण व्हायची. तिथल्या स्वाहिली भाषेत आपल्यासारखे शब्दही ऐकू येतात. पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', कोशिंबिरीला 'कचुंबारी'. पहिल्या दिवशी खडूंचा डबा उघडला तर एक मुलगा ओरडला, "रांगी!" मला वाटलं, हा मराठी बोलतोय की काय. रांगी म्हणजे रंग.

शाळा म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या. सकाळी दहाला उजी मिळायची. उजी म्हणजे पातळ पेज, आणि त्या शाळेत ती 'विंबी'ची करायचे. विंबी म्हणजे नाचणी! मोठ्या बादलीतून प्लास्टिकच्या मगाने कपात ओततात, वर चमचाभर साखर. पहिला घोट घेतला आणि आजारपणात आईने भरवलेली पेज आठवली. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतलीच. हजारो वर्षांपूर्वी ती तिकडून आपल्याकडे आली. मुलं कप दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून प्रार्थना म्हणायची आणि मग एका दमात संपवायची. काहींच्या पोटात सकाळपासून तेवढंच पडलेलं असायचं. कप किती हळूहळू चाटून पुसतात यावरून ते कळायचं.

आता जे सांगायचं आहे ते. मी बालवाडीची शिक्षिका, बारा वर्षं मुलांत काढलेली. पहिल्या दोन दिवसांत सगळा वर्ग माझ्याभोवती. गाणी, अभिनय, बायबलमधल्या नोहाच्या तारवाची, म्हणजे महापुरातल्या मोठ्या जहाजाची गोष्ट. पाच वर्षांची एक चिमुरडी तर मांडीवरून उठेचना. मी मुलांच्या हातात खडू दिले, चिकटचित्रं म्हणजे स्टिकर दिले, मला फार आनंद झाला. त्यांची रोजची टीचर मागे खिडकीजवळ उभी होती. मी तिला पुढे बोलवायला हवं होतं, ते मला सुचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी ती टीचर पाठ म्हणून घ्यायला लागली, तर मुलं माझ्याकडे पळाली. एकाने तिला विचारलं, तू काय आणलंस आमच्यासाठी? दुपारी कप विसळताना ती शांतपणे मला म्हणाली, "तुम्ही शुक्रवारी जाल. सोमवारी हीच चौऱ्याऐंशी मुलं माझ्याकडे येतील. तेव्हा माझ्याकडे चिकटचित्रं नसतील." रागावून नाही म्हणाली. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मी गुडघे टेकून प्रभूची क्षमा मागितली आणि सकाळी तिचीही मागितली.

त्या दिवसापासून सगळं सामान तिच्या कपाटात गेलं आणि तिच्याच हातून वाटलं गेलं. गोष्ट ती स्वाहिलीत सांगायची, मी तिच्या बाजूला चित्रं धरून उभी राहायचे. आम्ही कागद कापले, कप विसळले, बाकांचे पाय ठोकले. दुपारी मुलं घरी गेली की एकाच पुठ्ठ्यातून अक्षरांचे पत्ते, घड्याळ, बोटांच्या बाहुल्या कशा करायच्या ते मी तिला आणि दुसऱ्या दोघींना दाखवलं. त्यांनी मला फळ्याशिवाय, एका पेन्सिलीत चार मुलं कशी लिहिती करायची ते दाखवलं. ती चिमुरडी जवळ आली की मी तिचा हात धरून टीचरकडे न्यायचे. जीव तुटायचा, खरं सांगते.

आमच्या कार्यक्रमात एक दिवस अनाथाश्रमाला भेटही लिहिलेली होती. पाळकांनी ती सरळ खोडली. म्हणाले, "तिथल्या बहुतेक मुलांना आई नाहीतर आजी, मावशी कोणीतरी आहेच. पाहुणे येतात म्हणून मुलं तिथे ठेवली जातात." केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ पासून मुलांना कुटुंबात परत नेण्याचं धोरण आखलं आहे. त्या भेटीसाठी काढलेले पैसे आम्ही उजीच्या पिठाला दिले. चर्चच्या गटांनी दुसऱ्या देशात जाताना हे आधी विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लेकरं मिठी मारतात, फोटो छान येतो, आपल्याला भरून येतं. पण दर महिन्याला नवी माणसं येऊन जीव लावून निघून गेली, तर त्या लेकराचं काय होत असेल?

मी नगरची आहे, म्हणून मिस फरार यांची आठवण येत राहिली. सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकेतून मुंबईला आल्या, १८३९ पासून नगरला मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. आम्हाला लहानपणी शब्बाथ शाळेत हे अभिमानाने सांगायचे. पण त्या आल्या आणि राहिल्या, मराठी शिकल्या, ही गोष्ट मला किबेरात नीट समजली. दहा दिवसांत मला स्वाहिलीत धड दोन वाक्यं येत नव्हती.

शेवटच्या दिवशी मुलांनी तारू रंगवलं. बहुतेकांनी त्याचं छप्पर तपकिरी केलं आणि त्यावर उभ्या रेघा मारल्या, त्यांच्या घरांच्या पत्र्यांसारख्या. ती चिमुरडी चित्र घेऊन आली आणि म्हणाली, "उतारुदी केशो?" उद्या येशील का? माझ्या तोंडून शब्द फुटेना. खोटं बोलायचं नव्हतं. टीचरने तिला कडेवर घेतलं आणि सांगितलं, उद्या मी आहे. पोरीने मान डोलावली आणि आपला कप विसळायला घेऊन गेली.

आता दर महिन्याला आम्ही पिठाचे आणि एका शिक्षिकेच्या पगाराचे पैसे पाळकांकडे पाठवतो. हिशोब येतो, मुलांचे फोटो येत नाहीत, आणि तसंच ठरलं आहे. गेल्या आठवड्यात टीचरचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला की तपकिरी खडू सगळे संपले, बाकीचे रंग अजून आहेत. इथून पाठवू नका म्हणाली, शाळेच्या खाली जे दुका आहे तिथे मिळतात. या महिन्यात तेवढे पैसे जास्त घातले.