आतली कडी

मंगळवार, रात्र

सुताराने आज सहज विचारलं, "आजी, दाराला आतून कडी बसवायची ना?" मी हो म्हणायच्या आत मुलगाच म्हणाला, "आतून नको. बाहेरून तेवढी बसवा." एवढंच झालं. त्याचा फोन वाजला, तो गेला. सुतार माप घ्यायला लागला आणि मी तशीच उभी. दिवसभर दुसरं काही सुचलेलं नाही.

खोली माझ्यासाठीच होते आहे. मागचं न्हाणीघर रिकामंच पडलं होतं, सहा बाय आठची जागा, पूर्वेला खिडकी. मुलाला सुचलं ते चांगलंच सुचलं. तीन आठवडे काम चाललंय. शहाबादी फरशी उचकटली, हौद फोडला, बंबाचा कट्टा गेला. मिस्त्रीने मोरीचा ट्रॅप नुसता बुजवला नाही, मुळापासून काढला आणि चेंबरकडची लाइन बंद केली. म्हणाला, ट्रॅपमध्ये ओंजळभर पाणी साठून असतं, तेच गटाराचा वास अडवतं. वापर थांबला की ते सुकतं आणि वास घरात शिरतो. इतकी वर्षं ती जाळी घासली मी, पण हे ठाऊक नव्हतं. भिंतींना कमरेपर्यंत लोणा लागलेला. गिलावा खरवडून विटा उघड्या ठेवल्यात. ओल पुरती सुकल्याशिवाय रंग लावला तर पोपडे सुटतात, म्हणून यंदा दिवाळी बिनरंगाचीच.

हे सगळं मी हौसेने बघत होते. मग कडीपाशीच का अडले?

नारायण पेठेतल्या या घरात आम्ही नऊ माणसं होतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतून लावून घेता येईल असं दार एकच. १९६१ च्या पानशेतच्या पुरात मागची बाजू पडली, ती मामंजींनी परत बांधली, तेव्हाची ती पितळी कडी. माहेरचं पत्र मी तिथे जाऊन वाचायची. ह्यांची नोकरी गेली त्या दिवशी मी नळ सोडून बसले, बादली भरून वाहत होती तरी उठले नाही. सासूबाईंचीही अंघोळ कधी कधी लांबायची. बाहेर मी चडफडायची, स्वयंपाक खोळंबला म्हणून. आत त्या काय करत असतील... जाऊ दे.

आता खोली माझी आणि दार सगळ्यांचं. आयुष्यभर कडी लावायला एक मोरी मिळाली, ती बुजवून खोली दिली आणि कडी काढून घेतली. जेवताना घास उतरेना. शेवटी मुलाला विचारलंच, "आतून का नको रे?"

"आई, मागच्या वर्षी तू चक्कर येऊन पडलीस, तेव्हा कडी लावलेली होती. मी बाहेरून हाका मारत होतो. तू ओ देत नव्हतीस."

मला त्यातलं काही आठवत नाही. पुढचं बोलताना त्याला नीट बोलता येईना, तेव्हा कळलं की त्याला सगळं आठवतंय. आतली नवी बाथरूम त्यानंतरच तर झाली.

सगळे झोपल्यावर तिथे जाऊन सिमेंटच्या पोत्यावर बसले. दार नुसतं लोटलं होतं. छकुली पाणी प्यायला उठलेली, दार ढकलून आली आणि मला टेकून बसली. तिचा राग आला नाही. पण कडी हवी आहे, हेही तितकंच खरं. सून म्हणाली, आतून लागतं पण बाहेरून नाणं फिरवून उघडता येतं असं लॉक मिळतं. तसं बसवू. त्यालाही रात्री झोप लागली पाहिजे.

जुनी कडी राडारोड्याच्या गोणीतून शोधून काढली, चिंचेने घासली. पितळ छान निघालं. मधोमध वाकली आहे, त्याने खांद्याने दार फोडलं तेव्हाची. ती सरळ करून घेणार नाही.