तांबडी माती, तांबडा पत्रा

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जाऊन आलेली गाडी बेळगावात लांबूनच ओळखू येते. चाकांपासून दारांच्या निम्म्यापर्यंत तांबडी. ही माती तांबडी असते ती तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि पत्र्यावरचा गंजही त्याच कुळातला. म्हणजे आमच्याकडे गाडीच्या खालच्या अंगाला रस्त्यावरचा गंज येऊन चिकटतो आणि त्याच्याआड गाडीचा स्वतःचा गंज बिनबोभाट वाढत राहतो. पाइप लावून धुताना खालून तांबडं पाणी वाहतं, त्यात माती किती आणि गाडी किती, ते कोण सांगणार?

बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत हा घोळ नाही, काळ्यावर तांबडं लगेच उठून दिसतं. पण ती माती महाचिवट. चाकाच्या कमानीत आतून गोळा धरून बसते आणि पाऊस थांबून आठवडा झाला तरी ओल सोडत नाही. तेव्हा मातीचं कौतुक कुठल्याच दिशेला नको.

आमची गाडी 2003 सालची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, गंज कंपनी बघून येत नाही. केए-22 ची पाटी, वरून रंग टकाटक. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडीचे कागद नवे करून मिळतात. पत्र्याला तशी सोय नाही. मागच्या चाकाच्या पुढे, दाराखाली जो लांबट डबा असतो, ज्याला गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात, तिथे रंगाला मसुरीएवढा फोड आला होता. दिसायला क्षुल्लक. पण गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातं, म्हणून ते रंगाला आतून वर ढकलतं. बाहेर फोड दिसला म्हणजे पत्रा बहुधा आतल्या बाजूने कधीच खाऊन झालेला असतो. अंगठा दाबला तर बारीक कर्रकन आवाज आला आणि नखाला तपकिरी भुगा लागला.

बेळगावातल्या उद्यमबागेच्या बाजूला एक टिंकरिंगवाले, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारे, मेस्त्री आहेत. त्यांनी फोडाकडे ढुंकूनही बघितलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि फणस थापटून बघावा तसं मुठीकडच्या बाजूने रनिंग बोर्ड पुढून मागे ठोकत गेले. ठण, ठण, ठण, ठण, ढप. तिथे खडूने रेघ. पुन्हा ठण, ठण, ढप, ढप. पुन्हा रेघ. मग खिशातून लोहचुंबक काढलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि मागच्या कमानीवरून फिरवलं. एका जागी ते पकडेचना, सरळ घसरून खाली आलं. ‘‘इथं पत्रा नाहीच बघा साहेब, नुसती पुट्टी हाय,’’ मेस्त्री म्हणाले. पुट्टी म्हणजे चेपलेली जागा भरायचा लेप, त्याला चुंबक चिकटत नाही. आधीच्या मालकाने गाडी देताना ‘एकदाही कुठं लागलेली नाही’ असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्या हाताखाली काय होतं, ते चुंबकाने दाखवलं.

खरी गंमत आत होती. ड्रायव्हरच्या डाव्या बाजूचं कार्पेट उचललं तर खालचा फोम पिळून काढावा इतका ओला. वरून कार्पेट कोरडं, त्यावर रबरी मॅट, त्यावर बसणाऱ्यांचे पाय, खाली तळं. दिवाळी होऊन गेलेली, ऊन कडक पडलेलं, मग पाणी आलं कुठून? मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, वायपरच्या खालची प्लास्टिकची जाळी काढली आणि आतून मूठभर काळपट लगदा बाहेर ओढला. काचेवरचं पाणी त्या खाचेत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. भोकं बुजली की ते वाट शोधत केबिनमध्ये शिरतं आणि फोम ते धरून ठेवतो. लगदा बोटांनी फोडून बघितला. थोडा पालापाचोळा, बाकी सगळा झेंडू. दर खंडेनवमीला गाडीला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू आणि बॉनेटवर काचेला टेकवून भला जाड हार. तो हार वाऱ्याने सुकतो, पाकळी पाकळी सुटते आणि जाळीतून आत जाते. एवढी वर्षं भक्तिभावाने गाडीचं गटार तुंबवत होतो.

दाराच्या खालच्या कडेलाही अशीच बारीक भोकं असतात. खिडकीच्या काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून निघून जावं म्हणून. रंग मारताना बरेच कारागीर ती रंगाने बुजवून टाकतात आणि दार आतून पाणी साठवत बसतं. आगकाडी घालून मोकळी करायची, फुकटचं काम आहे. स्टेपनीच्या खड्ड्यातली रबरी बुचं आणि बॅटरीखालची तबकडी तेवढी बघून घ्यावी. बॅटरीचं ॲसिड रंग खातं, मग पत्रा उघडा पडतो.

आता दुरुस्ती. याचे दोन संप्रदाय आहेत. पहिला पुट्टीवाल्यांचा: वरचा गंज घासायचा, भोकाला जाळी लावायची, पुट्टी थापायची, पॉलिश पेपर मारायचा, रंग. दोन दिवसांत गाडी नवरीमुलगी. पण पुट्टी ओल शोषते आणि खालचा गंज तर तिथेच असतो, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात तोच फोड आपली भावंडं घेऊन येतो. दुसरा कापणाऱ्यांचा. चकचकीत लोखंड लागेपर्यंत ग्राइंडर मारत जायचं आणि गंजलेला भाग सरळ कापून काढायचा. मसुरीएवढ्या फोडासाठी आमच्या गाडीला तळहाताएवढी खिडकी पडली. बघवत नव्हतं, पण मला हाच मार्ग पटतो. पैसे दुप्पट जातात हे मान्य. तोच खर्च दर दसऱ्याला करण्यापेक्षा बरा.

खिडकीत बसवायचा पत्रा 22 गेजचा, म्हणजे जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंगची रेघ ओढली की उष्णतेने तो पापुद्रा होऊन वाकतो. म्हणून मेस्त्री इथे एक टिपका, तिथे एक टिपका, मग बिडी, मग पुढचा टिपका अशा चालीने गेले. त्याआधी बॅटरीची वायर सोडली, कार्पेट पूर्ण बाहेर काढलं, ओलं गोणपाट हाताशी ठेवलं. बिडी मात्र बाहेर जाऊन ओढायचे, तेवढी शिस्त.

लोक चुकतात ते पुढे. वेल्डिंगच्या आचेने पत्र्याच्या पाठीमागचा रंगही जळतो आणि ती पाठ डब्याच्या आत, कुणाला न दिसणारी. बाहेर प्रायमर, रंग, पॉलिश सगळं झालं तरी आतलं लोखंड उघडंच. तिथे भोकातून नळी घालून पातळ मेण फवारावं लागतं. काहीजण जळकं ऑइल मारतात. स्वस्त पडतं, पण चाकांच्या जोडांतले रबरी बुश फुगतात आणि दाराशी काळे डाग पडतात ते वेगळंच. ओल्या गंजावर डांबरी काळा कोट चढवणं तर सगळ्यात वाईट. ओल आत कोंडते आणि गंजाला छप्पर मिळतं.

हे सगळं ऐकून कोल्हापूरचे मेहुणे म्हणाले, ‘‘भाऊजी, भंगारात घाला की ती!’’ त्यांची एमएच-09 पाटीची गाडी नवीकोरी आहे. चहा होईपर्यंत मी त्यांच्या दाराखालची भोकं तपासून आलो. दोन बुजलेली होती. सांगितलं नाही.

गाडी देताना मेस्त्रींनी डाव्या बाजूचा रनिंग बोर्डही एकदा ठोकून घेतला. ‘‘हे अजून दोन पावसाळे काढतंय. खरं त्यो हार काचंजवळ घालू नका आता. बंपरला बांधा.’’

यंदा हार बंपरला बांधला. देवाच्या हाराला रस्त्याची धूळ खायला लावतो, यावरून आईचं आणि माझं अजून वाजतंय.