सारंगखेड्याचा घोडेबाजार: अबलख घोडी आणि बुडालेला इसार

सारंगखेड्याला अबलख, म्हणजे पांढऱ्यावर रंगीत पट्टे असलेली, घोडी बघायला निघालात तर पिशवीत आधी पांढरा रुमाल आणि खोबरेल तेल टाका. टेप-बिप नंतर. माझे अकरा हजार त्या रुमालावाचून गेले.

दोंडाईच्याला रेल्वेने उतरलो, तिथून शहाद्याच्या रस्त्याने तापीकाठी. प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. दत्तजयंतीच्या आदल्या संध्याकाळी पोचलो आणि तिथेच चुकलो. दिव्यांच्या उजेडात प्रत्येक घोडी देखणी दिसते. एक पांढरी घोडी, खांद्यावर आणि मागे पुठ्ठ्यावर काळे पट्टे, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, अस्सल मारवाडी. सांगितले दोन लाख ऐंशी हजार. दलालाने रुमालाखाली माझी बोटं दाबून गुपचूप भाव केला, एक पंचेचाळीसवर सौदा ठरला, अकरा हजार इसार दिला. खांद्यावरचे केस बाजूला करून कातडी बघितली होती मी, काळी होती. तेवढ्यावर खूश!

सकाळी थंडीत घोडी दवाने भिजलेली. सोबतच्या मामांनी सहज पुठ्ठ्यावर हात फिरवला तर तळवा काळा. केस काळे आणि खाली कातडी गुलाबी. खांद्यावरचा पट्टा खरा, पुठ्ठ्यावरचा कलप! अबलखाच्या खऱ्या रंगीत पट्ट्याखाली कातडी काळसर असते आणि पांढऱ्याखाली गुलाबी. पट्ट्याच्या कडेला मात्र बघू नका, तिथे खऱ्या जनावरातही केस आणि कातडी जुळतीलच असं नाही. मधोमध बघा, प्रत्येक पट्टा वेगळा बघा, तेलाचा रुमाल घासा. मालक नको म्हणाला की पुढच्या दावणीला चला.

इसार परत मागितला तर व्यापारी म्हणाला, "भाऊ, घोडी काय रंगासाठी घेतो का?" दलाल तोवर गायब. तो दोन्हीकडून दलाली घेतो, हे मला नंतर कळलं. दलाली कोण किती देणार, ते इसाराआधी चार माणसांसमोर बोलून घ्या.

उंचीतही तेच. टेप पोटाच्या फुगीर भागावरून नेतात, पुढचे पाय उंचवट्यावर ठेवतात. ६२ इंची म्हणून दाखवलेला घोडा सपाट जागी, टेप सरळ धरून वशिंडाजागी, म्हणजे मानेमागच्या उंचवट्यावर, मोजला तर ५९ भरला. वय दुधाचे पडून आलेल्या पक्क्या दातांवर: दोन दाती म्हणजे साधारण अडीच वर्षं, चार दाती साडेतीन, पाचापर्यंत पुढचे सगळे बदललेले. लंगडण्याचं दुखणं इंजेक्शनने झाकता येतं, म्हणून न सांगता पहाटे जा आणि दावणीवरून सोडल्या सोडल्या कडक जमिनीवर चालवून बघा. देवमण, भोवरे अशा शुभ मानल्या जाणाऱ्या केसांच्या खुणांचे जादा पैसे मी तरी देणार नाही.

ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद मागाच. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर ठार करावं लागतं. बाजार समितीची पावती आणि डॉक्टरचा दाखला हातात आल्याशिवाय टेम्पो ठरवू नका. घोडी घेतलेला माणूस दिसला की भाडं दुप्पट सांगतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे एक साधी तांबडी, चार दाती घोडी घेतली. रुमाल घासला, पांढराच राहिला. मामा अजून अकरा हजारांवरून हसतात.