दोन भरलेल्या बादल्या

आमच्या सोलापूरच्या गड्डा जत्रेची गर्दी ओसरल्यावर चार दिवस दापोलीजवळच्या मुरूडला जाऊन आलो. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण वही उघडली की आधी त्या दोन बादल्याच पुढे येतात.

पहिल्या रात्री झोपण्यापूर्वी मी तिथल्या न्हाणीघरातल्या दोन्ही बादल्या काठोकाठ भरून ठेवल्या, आणि आपण असे काही करीत आहोत याची मला जाणीवसुद्धा नव्हती. सकाळी खोली झाडायला आलेली घरमालकिणीची सून त्या पाहून हसली आणि म्हणाली, "काकू, इथे रात्रीचं पाणी जात नाही हो." तिच्या बोलण्यात कुचकेपणा मुळीच नव्हता. तरीही कोणी आपली पिशवी उघडावी आणि तिच्यातून शिळ्या भाकरीचा तुकडा निघावा, तसे मला झाले. वास्तविक पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होतीच, आणि त्यांची लाज मला आजवर कधी वाटलेली नाही.

संध्याकाळी भाड्याच्या सायकली घेऊन आम्ही शेजारच्या कर्द्याच्या किनाऱ्याकडे निघालो. घाई कशाचीच नव्हती. ओहोटीनंतर तिथली ओली वाळू इतकी घट्ट बसते की तिच्यावरून सायकल डांबरी रस्त्यावर चालावी तशी चालते, चाकामागे बारीक रेघ उमटत जाते आणि चाहूल लागताच इवलेसे खेकडे बिळात शिरतात. ह्यांच्या गुडघ्याविषयी मी बोलणार नव्हते, बोलले नाही. मी सायकलवर बसले त्याला तीस वर्षे तरी झाली असतील; तोल जाईल ही धास्ती पहिल्या वळणापर्यंतच टिकली, उरल्या त्या बादल्या. समोर नजरेत मावणार नाही एवढे पाणी पसरलेले असताना मी पायडल मारीत हिशेब करीत होते, की काल पाणी येऊन गेले असणार, म्हणजे पुढची पाळी आता आपण पोहोचू त्या रात्री, आणि तोवर हौदात किती उरले असेल. मग मला स्वतःची फार कीव आली. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून माझी झोप नळाच्या वेळेने तुटत आली आहे, आणि समुद्रावर येऊनही मला ती सलग लागत नसेल, तर सुटी नेमकी कोणी घेतली होती? आमच्या मुलाचा, चिन्मयचा, फोन त्या दिवशीही आला नाही, पण ते वेगळे.

परतल्यावर सायकलींच्या चेनला खारे पाणी लागले म्हणून तिथल्या मुलाने त्या गोड्या पाण्याने धुतल्या. धुऊन झाल्यावर त्याने पाइप माडाच्या बुंध्याशी टाकला आणि नळ तसाच सोडून तो फोनवर बोलत फाटकापर्यंत गेला. मी स्वतःला आवरण्याचा प्रयत्न केला, अगदी मनात आकडेही मोजले, पण वीसच्या पुढे जाववले नाही आणि मी उठून नळ बंद केला. तो लांबूनच म्हणाला, "राहू दे काकू, माडालाच जातंय." घरमालकीण ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "बंद केलात ते बरं केलंत. मे महिन्यात विहीर तळ दाखवते तेव्हा ह्याला कळतं." तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो त्या मुलखात! आमच्याकडे त्याच्या मानाने फारच थोडा पडतो. त्यांचे ते वाक्य ऐकून मला जरा बरे वाटले, आणि दुसऱ्याच्या विहिरीचा तळ ऐकून आपल्याला बरे वाटावे याचे लगेच वाईटही वाटले.

येताना भिगवणच्या पुढे उजनीचा फुगवटा दिसू लागला. हेच पाणी शंभराहून अधिक किलोमीटर नळातून येते आणि मी त्याच्यासाठी रात्री-अपरात्री उठते. सुमारे ११७ टीएमसीचे हे धरण काठोकाठ भरले तरी आमच्या गल्लीतला काही दिवसांआडचा हिशेब काही बदलत नाही. तिथे गाडीत बसल्या बसल्या मला उगाच सुचले, की ज्या गावाच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची, थोरवी बाराव्या शतकात तळे खोदण्यासाठी सांगितली जाते, त्या गावच्या बाईने परगावी दोन बादल्या भरून ठेवल्या तर त्यात एवढे खजील होण्यासारखे काय आहे? त्यांनी तळे भरले, मी बादल्या भरल्या. फरक फक्त आकाराचा आहे. हे मी ह्यांना सांगितले तेव्हा ते इतके हसले की त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. तरी त्या सुनेचा चेहरा मधूनमधून आठवतोच.

काल रात्री दोनला पाणी आले. हौद भरला, पिंपे भरली, मोटार लावली, आणि माझा डोळा लागला तेवढ्यात वरची टाकी वाहू लागली. मी जिन्याकडे धावले तर मागून ह्यांचा झोपाळू आवाज आला, "राहू दे गं, माडालाच जातंय."

आमच्या टाकीखाली माड नाही, शेजाऱ्यांची मोटारसायकल आहे.