कणेरीचे ग्रामजीवन संग्रहालय: एक दिवस, पाच ठिकाणचे खाणेपिणे

कोल्हापुरात पाहुणे आले की अंबाबाई, रंकाळा, जोतिबा आणि पन्हाळा ही यादी ठरलेली असते. परंतु बरोबर लहान मुले असली की आम्ही एक सबंध दिवस कणेरीसाठी राखून ठेवतो. शहरापासून साधारण बारा किलोमीटरवर, पुणे-बंगळुरू महामार्गावरील गोकुळ शिरगावजवळ, सिद्धगिरी मठाच्या परिसरात हे ग्रामजीवन संग्रहालय आहे. बलुतेदार-अलुतेदारांचे जुने स्वयंपूर्ण खेडे सिमेंटच्या पुतळ्यांतून तेथे उभे केले आहे. संग्रहालयाविषयी पुष्कळ जणांनी लिहिले आहे. त्या दिवशी कोठे, केव्हा आणि किती खावे याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे दिवस चांगला जाणे अथवा बिघडणे याच एका गोष्टीवर ठरते.

हे मी आमच्याच एका चुकीवरून सांगते. गेल्या वर्षी आम्ही घरून नुसता चहा घेऊन उशिरा निघालो, संग्रहालय पाहून होईपर्यंत दुपारचे अडीच वाजले, मुले भुकेने रडकुंडीला आली आणि महामार्गावर जे पहिले हॉटेल दिसले तेथे आम्ही शिरलो. रश्शावर बोटभर तेल तरंगत होते आणि भाकरी सकाळची, वातड झालेली होती. आईला रात्रभर आम्लपित्ताचा त्रास झाला. म्हणून या डिसेंबरमध्ये धाकटी बहीण नाशिकहून यजमान आणि दोन मुलांसह आली, तेव्हा मी आदल्या रात्रीच खाण्याचा क्रम ठरवून ठेवला. त्यामागे एकच विचार होता: पुतळ्यांमध्ये जे काम मुलांना दिसेल, त्या कामातून तयार होणारा पदार्थ शक्यतो त्याच दिवशी त्यांच्या हातात पडावा.

सकाळी साडेसातला आम्ही शिवाजी उद्यमनगरातील फडतरे यांच्या मिसळीकडे गेलो. चोरगे यांची किंवा कसबा बावड्याची मिसळ मानणारी घरेही कोल्हापुरात तितकीच आहेत आणि हा वाद मिटण्यासारखा नाही. उद्यमनगर आम्ही निवडले ते केवळ पुढे महामार्गाला लागणे सोपे जाते म्हणून. बाहेरगावच्या लोकांनी येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, कोल्हापुरी मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात, आणि नाशिककर मेहुण्यांना सुरुवातीला ते चुकल्यासारखे वाटले तरी कट शोषून घेण्याच्या कामी स्लाइस पावापेक्षा सरस आहे, हे त्यांनी दुसऱ्या स्लाइसनंतर स्वतःहून मान्य केले. दुसरी गोष्ट अशी की, येथे रश्शाला ‘कट’ म्हणतात आणि तो वेगळ्या वाटीत मागता येतो. मुलांसाठी मोड आलेली मटकी, बटाटा, शेव आणि वर दही एवढेच घ्यावे, कट चमच्याने चवीपुरता घालावा. कोल्हापुरी तिखटाविषयी बाहेर जी भीती आहे ती बरीचशी अनाठायी आहे. चांगल्या कटात मिरचीच्या आधी कांदा, लसूण, खोबरे आणि भाजलेल्या मसाल्याची चव लागते, आणि जेथे फक्त जाळ लागतो तेथे मसाल्यात काटकसर केलेली असते, असे समजावे. प्रत्येकी एकच मिसळ घ्यावी. दुसरी मागवण्याचा मोह होतो, पण पुढे दोन-तीन तास चालायचे असते.

नऊच्या सुमारास आम्ही कणेरीत पोहोचलो. ही वेळ मी आग्रहाने सुचवते, कारण डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम असतो आणि एकदा बसगाड्या येऊन लागल्या की प्रत्येक देखाव्यापुढे रांग होते. सुरुवातीला गुहेसारख्या मार्गात प्राचीन ऋषींचे आणि शास्त्रज्ञांचे पुतळे आहेत. तो भाग सावलीचा आणि गार आहे. त्यानंतरचे खेडे मात्र बरेचसे उघड्यावर आहे, त्यामुळे डोक्यावर टोपी आणि प्रत्येकाजवळ स्वतःची पाण्याची बाटली असावी. आम्ही बाटल्यांखेरीज एका डब्यात काकडीच्या फोडी आणि शेंगदाण्याचे लाडू घेतले होते. संग्रहालय पाहत असताना काहीही न खाता ते बाहेर आल्यावर झाडाखाली बसून खावे. ती जागा ज्या निगुतीने ठेवली आहे, तिचा तेवढा मान आपण राखला पाहिजे.

येथे मुलांना घाईने पुढे नेऊ नये. लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, तेल्याचा घाणा, वाण्याचे दुकान, बैलांना नाल ठोकणारे लोक, मोटेने पाणी काढणारा शेतकरी हे सर्व पाहताना आमच्या आईचे बोलणे थांबत नव्हते. जात्यावर दळणाऱ्या बाईपाशी ती बराच वेळ उभी राहिली आणि खुंटा कसा धरायचा, एका हाताने वैरण घालताना दुसऱ्या हाताची गती कशी मोडू द्यायची नाही, हे तिने नातवंडांना हवेत हात फिरवून दाखवले. जात्यात घालायच्या धान्याच्या मुठीला वैरण म्हणतात हे धाकट्याला ठाऊक नव्हते. वैरण गुरांना घालतात एवढेच त्याला माहीत होते. शेतात जेवायला बसलेल्या कुटुंबाच्या देखाव्यापुढे तो म्हणाला, “मावशी, यांच्या ताटात भाजी कुठाय?” भाकरी हातावर घ्यायची, कांदा बुक्कीने फोडायचा, वर खर्डा किंवा चटणी घ्यायची आणि मडक्यातले पाणी प्यायचे, हे जेवण त्याने कधी पाहिलेच नव्हते. जाते आणि भाकरी त्या दिवसापुरती पुतळ्यांतच राहणार होती. तिची सोय मी दुसऱ्या दिवशी घरी केली.

दुपारचे जेवण आम्ही मठाच्या महाप्रसादाचे घेतले. प्रसादाविषयी हॉटेलासारखे मत देणे मला योग्य वाटत नाही. साधे, गरम आणि पोट न बिघडवणारे जेवण होते, एवढे सांगते. ताटात हवे तेवढेच घ्यावे, पंक्तीची शिस्त पाळावी आणि निघताना यथाशक्ती देणगी द्यावी. महाप्रसादाची वेळ आल्या आल्याच विचारून घ्यावी आणि संग्रहालयाचा फेरा त्या हिशोबाने संपवावा, कारण ती वेळ चुकली की गेल्या वर्षी आमची झाली तीच गत होते. परिसरात देशी गायींची गोशाळा आहे. जेवणानंतरचा अर्धा तास तेथे घालवला तर वयस्कर मंडळींनाही विसावा मिळतो.

बाहेरच्या गाड्यांवर उसाचा रस, ताक, भेळ आणि उकडलेल्या शेंगा मिळाल्या. शेंगा निःशंकपणे घ्याव्यात. रस घ्यायचा असेल तर बर्फाशिवाय आणि आपल्यासमोर काढलेला घ्यावा. आधी काढून भांड्यात ठेवलेला रस काळपट पडतो आणि लवकर आंबतो. आम्ही मात्र रसाची तहान मुद्दाम राखून ठेवली होती, कारण पुढचा टप्पा गुऱ्हाळाचा होता.

या टप्प्याविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण संपूर्ण दिवसात मुलांना सर्वाधिक लक्षात राहिले ते हेच. कोल्हापूर ही गुळाची पेठ आहे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. त्या काळात आडवाटेला वळून चिपाडाचा धूर आणि गोडसर वास आला की गुऱ्हाळ जवळ आहे असे समजावे. गुऱ्हाळ हे लोकांच्या कामाचे ठिकाण असल्याने आधी परवानगी मागावी. आम्ही विचारले तेव्हा मालकांनी मुलांच्या हातात थेट पितळी तांबे दिले आणि म्हणाले, “पावणं, रस पिल्याबिगर जायचं न्हाई.” चरकातून निघालेल्या त्या रसात बर्फ, मीठ, लिंबू काहीच नव्हते. उसाला एक हिरवट, किंचित खारी चव असते ती अशा रसातच कळते.

तेथे मोठ्या काहिलीत रस उकळत होता, खाली चुलवाणात वाळलेले चिपाड ढकलले जात होते. रानभेंडीच्या चिकाने वर आलेली मळी गूळ करणारा गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने काढून टाकत होता. पाक तयार झाला की नाही हे तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकून पाहतो. बोटांत त्याची गोळी वळली की सर्वांची एकच धावपळ उडते आणि काहील वाफ्यात, म्हणजे पाक गार करण्याच्या उथळ हौदात, ओतली जाते. त्या क्षणी मुलांचा हात घट्ट धरून चार पावले मागे उभे राहावे; उकळत्या पाकाचा शिंतोडा पाण्याच्या चटक्यापेक्षा फार वाईट, कारण तो कातडीला चिकटून राहतो. वाफ्यातला कोमट, ओढला तर तार धरणारा गूळ आम्हाला उसाच्या कांडक्यावर गुंडाळून दिला गेला. मोठी भाची तो चाटत असताना अचानक म्हणाली, “म्हणजे गूळ आधी पातळ असतो?” एवढ्या एका प्रश्नासाठीसुद्धा ही वाट वाकडी करावी, असे मला मनापासून वाटते.

घरी नेण्यासाठी गूळ घेताना पिवळ्याधमक रंगाला भुलू नये. तो रंग आणण्यासाठी अनेकदा रसायने वापरलेली असतात. तांबूस-तपकिरी, थोडा मऊ गूळ दिसायला डावा असला तरी चवीला चांगला असतो. काकवी हवी असेल तर झाकणाचा स्वच्छ डबा घरूनच न्यावा. रसाचे पैसे मालकांनी घेतले नाहीत, म्हणून आम्ही एक-एक किलोचे चार रवे, म्हणजे लहान ढेपा, विकत घेतले. पाहुणचार स्वीकारल्यावर एवढे तरी करावे.

संध्याकाळी घरी तासभर विश्रांती घेऊन आम्ही भेळेसाठी बाहेर पडलो. रंकाळ्याच्या चौपाटीवर हवा आणि गर्दी दोन्ही भरपूर असते. आम्ही खासबागेत राजाभाऊंची भेळ घेतली आणि रंकाळ्यावर नुसते फिरायला गेलो. कोल्हापुरी भेळेत चुरमुरे कुरकुरीत राहतात, चिंचेचे पाणी बेताने पडते, आणि म्हणूनच ती हातात घेऊन चालत बसण्याऐवजी लगेच खावी लागते. रंकाळ्यावर मक्याचे कणीस घ्यावे, बाकी सोडावे, असे माझे मत आहे.

शेवटचा थांबा गंगावेशीतील दूध कट्ट्याचा होता. कोल्हापूरच्या तालमींनी या शहराला दुधाची सवय लावली. गंगावेस तालीम तेथेच आहे आणि पहिलवानांचा खुराक म्हणजे दूध, तूप, थंडाई. 1963 मध्ये स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघामुळे कोल्हापूरचे पिशवीतले दूध दूरवर पोहोचले, तरी कट्टा टिकून आहे. गवळी म्हैस रस्त्याकडेला उभी करतो आणि आपल्यासमोर धार काढतो. थेट पेल्यात पडणारी धार, वर चार बोटे फेस, आणि हाताला जाणवणारी दुधाची ऊब. साखर मागू नये. तिची गरजच लागत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे दूध न तापवलेले असते. गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुले, वयस्कर आणि नाजूक पोटाची माणसे यांनी ते पिऊ नये. बहिणीने आणि मेहुण्यांनी पेले रिकामे केले. आईसाठी आणि दोन्ही मुलांसाठी आम्ही किटलीतून दूध घरी नेले आणि तापवून दिले. मुलांना धार पाहायला मिळणे हेच महत्त्वाचे होते, आणि फेसाची मिशी त्यांनी घरच्या दुधावरही काढून घेतली.

तांबडा-पांढरा रस्सा या दिवशी मुद्दाम टाळला. सकाळी मिसळ, रात्री दूध आणि मध्ये मटण हा बेत कोणाच्याही पोटाला मानवणारा नाही. शिवाय मटणाचे जेवण झाले की दुपारी दोन तास आडवे होण्याची सोय हवी. ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरीच केले: मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचे दूध घालून पांढरा, कांदा-लसूण चटणीचा तांबडा आणि ज्वारीच्या भाकरी. धाकट्याने पहिली भाकरी ताटात न घेता तळहातावर घेतली आणि कांदा फोडण्यासाठी बुक्की उगारली. तिसऱ्या बुक्कीला तो फुटला.