कायदा होण्याआधी बोलता येतं: संसदीय समितीला निवेदन पाठवण्याचा माझा अनुभव

राजापूर तालुक्यात वकिली करताना माझ्याकडे सर्वात जास्त येतात ते वाटपाचे दावे. सातबारा उघडला की सामाईक नावांची रांगच लागते. त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही वारलेली आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. नोटीस काढली की पाकीट ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत येतं. तोवर गावात राहणारा भाऊ कलमांचा आंबा व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो आणि विधवा वहिनीच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत मध्यस्थी विधेयक आलं तेव्हा मी ते कलम न् कलम वाचून काढलं. दिवाणी दावा लावण्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा, त्यासाठी १८० दिवस आणि वर आणखी १८० दिवसांची मुदतवाढ. दोन बैठकांनंतर बाहेर पडायची सोय होती, हे खरं. पण इतक्या वारसांना एका बैठकीला तरी कोण गोळा करणार? आणि वर्ष गेलं म्हणजे आंब्याचा एक अख्खा हंगाम गेला.

विधेयक कार्मिक, लोक तक्रार, विधी व न्याय या खात्यांच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. तेव्हा अध्यक्ष सुशीलकुमार मोदी होते. खात्यांच्या अनुदानाच्या, म्हणजे खर्चासाठीच्या, मागण्या तपासणं, वार्षिक अहवाल पाहणं आणि सोपवलेल्या विधेयकांची छाननी करणं हे समितीचं काम. रोजच्या कारभारात ती पडत नाही, त्यामुळे आपली अडकलेली फाईल घेऊन तिच्याकडे जाऊन उपयोग नाही. पण विधेयकावर समिती लोकांची मतं मागवते, आणि ती कोणालाही पाठवता येतात.

निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत लागतं. मराठी चालत नाही, आणि हे मला आजही खटकतं. ज्या बाईचं पीक जातं तिला तिच्या भाषेत संसदेशी बोलता आलं पाहिजे. पहिला मसुदा मी कळकळीने लिहिला होता. तो बाजूला ठेवून कलमवार मांडणी केली: कलम कोणतं, गावात त्याचा परिणाम काय होईल आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत. प्रत्यक्ष साक्ष द्यायची असेल तर तसं निवेदनातच लिहावं लागतं, बोलवायचं की नाही हे समिती ठरवते. मला बोलावणं आलं नाही. निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि ते गोपनीय असतं, बाहेर वाटणं हा संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग ठरतो. म्हणून त्यातला मजकूर इथे देत नाही.

अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. मी तो रात्री बसून वाचला. तरतूद काय, लोकांनी काय सुचवलं, खात्याचं उत्तर काय आणि समितीचं मत काय, हे सगळं त्यात मांडलेलं होतं. सक्तीचा फेरविचार करा आणि मुदत ९० अधिक ६० दिवसांवर आणा, असं समितीने स्पष्ट म्हटलं होतं. अशा शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळून कायदा झाला तेव्हा कलम ५ मध्ये दाव्याआधीची मध्यस्थी ऐच्छिक झाली होती आणि मुदत १२० अधिक ६० दिवसांची होती. देशभरातून किती जणांनी लिहिलं असेल! त्यात राजापूरचंही एक पाकीट होतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

याच कायद्यातल्या सामुदायिक मध्यस्थीबद्दलची माझी काळजी मात्र संपलेली नाही. परिसरातली शांतता बिघडवू शकणारा वाद दोन्ही बाजूंच्या संमतीने तीन मध्यस्थांपुढे नेता येईल, अशी ती तरतूद आहे. कोकणात गावकीचा शब्द किती जड असतो ते मी पाहिलं आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो उगाच नाही. वाडीच्या बैठकीत एकट्या बाईला ‘संमती आहे ना?’ असं सर्वांसमोर विचारलं तर ती नाही कशी म्हणणार? तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ दिलेलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. पण तिची संमती वेगळी, एकटीला बसवून नोंदवली गेली पाहिजे, आणि याबाबतचे नियम होतील तेव्हा मी हे पुन्हा लिहून पाठवणार आहे.