दोन किलोंचा वाद

रावेरकडे केळीचा विषय निघाला की टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं) भारी की कंद लावलेली केळी, हा वाद ठरलेला. आमचे आबा म्हणतात, "टिश्यूचा घड सरासरी दोन किलोनं जास्त भरला. झालं ना सिद्ध?"

नाही झालं. एकाच बागेतले शेजारचे घडही चार-पाच किलोनं मागेपुढे असतात. म्हणून दोन किलोंचा फरक खरा की योगायोगाचा, हे वजनं किती विखुरलीत आणि घड किती मोजले, यावर ठरतं. टी-चाचणी तेच करते: सरासऱ्यांतला फरक भागिले त्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो फरक नुसत्या योगायोगानं साधारण किती मागेपुढे होतो त्याचं माप. ती मांडली विल्यम गॉसेटनं, १९०८ साली, 'स्टुडंट' या टोपणनावानं. गडी गिनेसच्या बिअर कारखान्यातला. हाताशी नमुने थोडेच असायचे.

या चाचणीतून 'पी' नावाचा एक आकडा निघतो. तो ०.०५ च्या खाली आला म्हणजे 'टिश्यू ९५ टक्के भारी' असं नव्हे. मुळात फरक नसताच, तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता पाच टक्क्यांहून कमी, एवढंच.

पण खरी मेख वेगळीच. आबांची टिश्यू विहिरीजवळच्या काळ्या रानात, कंद मुरमाड तुकड्यात! तिथं कुठली चाचणी काय करणार? मृगबागेला दोन्ही एकाच रानात, चिठ्ठ्या टाकून ओळी ठरवून लावा म्हटलं. आबा म्हणाले, "अन् मुहूर्त कोण काढणार?"